टेलर मास्तरनं घेतलेलं माप

जऊळक्याच्या आसपासच्या गावांत माझ्या थोरल्या भावाला 'घुसेवाला', म्हणजे ठोसे मारणारा, म्हणत. त्याला ते आवडायचं. मला आवडत नसे, कारण मी गावातल्याच शाळेत मास्तर होतो आणि माझी ओळख 'घुसेवाल्याचा भाऊ' अशी करून दिली जायची. शाळा तपासायला साहेब आले तरी पाटील त्यांना माझ्या शिकवण्याबद्दल एक अक्षर सांगायचे नाहीत. "हे आमच्या घुसेवाल्याचे भाऊ," एवढंच. मग साहेब वह्या सोडून माझ्या हातांकडे बघायचे.

दादा लढाईच्या काळात फौजेत गेला होता. तिथल्या छावणीत कुण्या गोऱ्या साहेबानं त्याला मुष्टियुद्ध शिकवलं आणि दोन वर्षांत तो पलटणीत पहिला आला. लढाई संपली, पलटणीतली पुष्कळ माणसं घरी पाठवली, त्यात तोही परतला. येताना ट्रंकेत एक चांदीचा पेला आणि भोपळ्याएवढे दोन कातडी हातमोजे घेऊन आला. आमच्याकडे कुस्ती सगळ्यांना ठाऊक. हे घुसे मारण्याचं प्रकरण कोणी पाहिलेलं नव्हतं. दादा म्हणायचा, "कुस्ती म्हंजे काय, नुसतं एकमेकाच्या गळ्यात पडनं. मर्दानं समोरून मारावं."

अकोल्याला एक व्यायामशाळा दर हिवाळ्यात मैदानावर मुष्टियुद्धाच्या लढती भरवायची. पोलिसातले, रेल्वेतले, गिरणीतले लोक उतरायचे. दादा सलग चार हिवाळे जिंकला. बहुतेक लढती पहिल्या फेरीतच आटोपायच्या. घंटा वाजली की तो बैल दावं तोडून सुटावा तसा सुटायचा आणि समोरच्याला दोरांवर रेटून बडवायचा. हात वर धरून चेहरा झाकायचा असतो, हे त्याला ठाऊक होतं. पण ते त्याला भित्रेपणाचं वाटायचं. "दोन खाईन, पन एक अशी देईन का उठलाच नाई पायजे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आम्ही सगळे त्यावर हसायचो. ते दोन-दोन कुठं जमा होत होते, हे विचारायची अक्कल एकालाही नव्हती. मी तर शिकलेला होतो, मलाही नव्हती.

त्याच्या कोपऱ्यात मी असायचो. दोन फेऱ्यांच्या मध्ये स्टूल ठेवायचं, पाण्याची बाटली द्यायची, टॉवेलनं तोंड पुसायचं. आपल्या माणसाचं फारच झालं असं वाटलं तर तोच टॉवेल रिंगणात फेकायचा, म्हणजे पंच लढत थांबवतो. मला रक्त बघवत नसे. मी मुलांना पाढे शिकवणारा माणूस. मला या कामाची ना आवड ना समज. पण दादाचा माझ्याशिवाय कोणावर विश्वास नव्हता. पहिल्याच वर्षी त्यानं मला बजावलं होतं, "टावेल फेकला तर घरी येऊ नको. तिकडंच राह्य अकोल्याले."

पहिली मोठी निवडणूक झाली त्यानंतरच्या हिवाळ्यात तो पाचव्यांदा उतरला. ज्या पोलिसाशी लढत ठरली होती त्याला ताप आला. लोक जमलेले, तिकिटं गेलेली, म्हणून भरवणाऱ्यांनी ऐनवेळी एका टेलरला उभं केलं. हा गृहस्थ पोलिसांचे गणवेश शिवायचा आणि तरुणपणी भुसावळला रेल्वेच्या वस्तीत मुष्टियुद्ध शिकला होता. वय पस्तिशीच्या पुढं. अंगानं काडी. रिंगणात येण्याआधी त्यानं चष्मा काढला, रुमालात नीट गुंडाळला आणि खालच्या एका माणसाच्या हातात दिला. सगळं मैदान हसलं.

दादा हसला नाही. त्याला राग आला. "मले टेलरसंग लढवता? माही इज्जत हाय का नाई?"

"दादा, लवकर आटप अन् चाल," मी म्हणालो. सातची गाडी मिळाली असती तर मला दुसऱ्या दिवशी शाळेला वेळेवर जाता आलं असतं. मला तेवढंच दिसत होतं.

घंटा वाजली. दादा धावला. टेलर मास्तर बाजूला झाले. दादा दोरावर आदळला. वळून पुन्हा धावला, मास्तर पुन्हा बाजूला, आणि जाता जाता त्यांनी डाव्या हातानं दादाच्या कानाजवळ एक टिचकी मारल्यासारखं केलं. असं तीन मिनिटं चाललं. दुसऱ्या फेरीत त्या टिचक्या दादाच्या नाकावर, भुवईवर, कपाळावर बसू लागल्या. एकही घाव जोराचा वाटत नव्हता. पण एकही चुकत नव्हता.

स्टुलावर बसला तेव्हा दादाला धाप लागली होती. "आज हात जड झाले बे."

"दादा, हात वर धर. तोंड झाक."

"तू पाढे शिकव. मले शिकवू नको."

तिसऱ्या फेरीत मास्तरांचा उजवा हात पहिल्यांदा पुरा लांब झाला आणि दादाच्या कानाखाली बसला. दादा गुडघ्यावर आला. पंच मोजू लागला. आठ म्हणता म्हणता दादा उभा राहिला, पण त्याचं तोंड मास्तरांकडे नव्हतं. प्रेक्षकांत कोणालातरी शोधावं तसं होतं. मास्तर थांबले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. टॉवेल माझ्या हातात होता. मी तो घट्ट धरून उभा राहिलो. पंच म्हणाला, "लढो!" मास्तरांनी आणखी दोन मारले. दादा सरळ पाठीवर पडला, आणि पाच-सात मिनिटं त्यानं डोळे उघडले नाहीत.

उघडले तेव्हा त्यानं मला विचारलं, "जितलो ना?"

परतीच्या गाडीत तो हेच विचारत राहिला. मी सांगायचो, हरला. तो "अस्सं" म्हणून खिडकीबाहेर बघायचा आणि पुढच्या स्टेशनात पुन्हा, "जितलो ना बे आपून?" तीन-चार स्टेशनं मी शांतपणे सांगितलं. मग मला आवरलं नाही. दिवसभराचा उपाशी, त्यात शाळा बुडणार, त्यात हे. मी ओरडलो, "टेलरनं हरवलं तुले! टेलरनं! किती डाव सांगू?" सबंध डब्यानं ऐकलं. डब्यात आमच्याकडचे चार-पाच जण होते. आम्ही जऊळक्याला उतरून गावात पोहोचायच्या आत बातमी पोहोचली. दुसऱ्या दिवशी पारावर कोणीतरी म्हणालं, "टेलरनं माप काहाडलं म्हनते घुसेवाल्याचं." ते वाक्य गावाला इतकं आवडलं की पुढं वर्षभर ते कोणी खाली ठेवलं नाही. त्याची सोय मीच करून दिली होती.

दादाला ती हार पचली नाही. त्यानं मला पोस्टकार्डं लिहायला बसवलं. दर महिन्याला एक. 'टेलर मास्तर यांस, आपण मर्द असाल तर पुन्हा उतरावे.' मी 'मर्द असाल तर' गाळून 'सवड असेल तर' लिहायचो. मास्तरांचं उत्तर नेमानं यायचं: 'मी आता लढत नाही. दुकानात काम फार आहे. आपण तब्येतीस जपावे.' दादा ते कार्ड फाडायचा आणि मला म्हणायचा, "दुसरं लिही."

मास्तर येईनात, तेव्हा तो भेटेल त्याच्याशी लढायला लागला. जत्रेतले पहिलवान, फिरत्या सर्कशीतले जवान, बाजारात हमाली करणारे. कोणीही पैज मारली की हा तयार. दोन हिवाळे त्यानं असे घालवले. सुजलेलं तोंड घेऊन यायचा, वहिनी हळद लावायच्या, आठवड्यानं पुन्हा जायचा.

वहिनींचं माहेर किन्हीराजा गाव. अंगानं लहान, बोलण्यात तिखट. एकदा मला अंगणात गाठून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी शिकलेले हा ना? मंग अडवा त्याइले."

"वैनी, मी अडवू? मले उचलून बैलाच्या कोठ्यावर ठेवन तो."

"मंग तुमच्या शिकन्याचा उपेग काय?" असं म्हणून त्या आत गेल्या.

त्यांनी हातमोजे ज्वारीच्या कणगीत लपवले. दादानं शोधून काढले. मग त्यांनी ते विहिरीत टाकले. दादानं गळ सोडून वर काढले आणि छपरावर वाळत घातले. उन्हानं कातडं असं आक्रसलं की त्याचे हात काही केल्या आत जाईनात. सबंध दुपार तो तेल लावून ओढत बसला होता. शेवटी मोजे भिंतीवर आपटून रडला. त्याचं लढणं असं थांबलं. माझ्या शिकण्यानं जे झालं नाही ते विहिरीच्या पाण्यानं केलं. पण तोवर उशीर झाला होता, हे आम्हाला कळायला आणखी एक वर्ष गेलं.

आधी डोकं दुखायचं. मग जीभ जड झाली. बोलताना शब्द एकमेकांत अडकायचे. गाव म्हणालं, दारू प्यायला लागला. दादानं जन्मात दारूला हात लावला नव्हता, पण पाटलांनी त्याला चारचौघांत बसवून दारूचे तोटे सांगितले. तो मुकाट्यानं ऐकत बसला. मग हात थरथरायला लागले. चहाची कपबशी तोंडापर्यंत न्यायची म्हणजे अर्धा चहा सदऱ्यावर. मग विसरायला लागला. एका सकाळी वखर घेऊन गेला आणि आमचं शेत सोडून शेजाऱ्याच्या शेतात दुपारपर्यंत वखरत राहिला. शेजारी बांधावर बसून बघत होता. सगळं वावर वखरून झालं तेव्हा म्हणाला, "भाऊ, तुमचं शेत तिकडं हाये."

मी त्याच्याशी भांडायला गेलो. "तुमी पाह्यत होते तर सांगतलं काहून नाई?"

"गुरुजी, घुसेवाल्याले कोन अडवते बाप्पा? मारलं असतं तर?" असं म्हणून तो हसला. त्याचं वावर फुकटात वखरून झालं होतं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आमच्या घरात मारायचं काम ज्याचं, तो वडाखाली बसून बैलांना नावं विचारत होता.

त्याचा राग मात्र गेला नव्हता. भाकर कडक झाली म्हणून एकदा त्यानं वहिनींवर हात उगारला. मी धावलो. वहिनी हलल्या नाहीत. "मारा," त्या म्हणाल्या. "टेलरले नाई मारता आलं, मले मारा." दादाचा हात तसाच वर राहिला. मग तो खाली बसला आणि कडक भाकर पाण्यात बुडवून खाऊ लागला. वहिनी चुलीशी गेल्या. मी दोघांच्या मध्ये निष्कारण उभा होतो, तिथून निघालो.

मग एक दिवस चावडीवर त्यानं सांगितलं, "त्या दिवशी माह्या भावानं बाटलीत काईतरी टाकलं होतं. म्हनून हात जड झाले."

आता, ज्याला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, त्याच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवावा? गावानं पुरा ठेवला. जमीन दोघा भावांची, भाऊ वेडा झाला तर कोणाचं फावतं, असा हिशेब लोकांनी माझ्या आधी मांडून ठेवला होता. ज्यांच्या पोरांना मी अक्षरं शिकवली ती माणसं मला बघून बोलणं थांबवायची. पाटील तर घरी आले. "गुरुजी, जे झालं ते झालं. खरं काय ते एकदा सांगून टाका. मन हलकं होते."

"पाटील, त्या बाटलीत पाणी होतं. नुसतं पाणी. अकोल्याच्या नळाचं."

"नळाचं," पाटील विचारात पडून म्हणाले, जणू काहीतरी सापडलं.

करणी आहे असं म्हणून आमच्या एका मावशानं मांत्रिक आणला. त्यानं लिंबू कापलं, डोळे फिरवले आणि सांगितलं, कात्री वापरणाऱ्या माणसानं करणी केली आहे. टेलरची गोष्ट वीस कोसांत सगळ्यांना ठाऊक होती. तरी लोकांनी तोंडात बोटं घातली. मी दादाला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हातारे होते, नीट तपासलं, त्याला सरळ रेषेवरून चालायला लावलं, बोट नाकाला लावायला सांगितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "गडगड्या नारळ पाहिलाय ना गुरुजी? वरून धड असतो, आत खोबरं सुटलेलं असतं. डोक्याला वर्षानुवर्षं मार बसला की मेंदूचं तसं होतं. याला औषध नाही. आता डोक्याला मार नको आणि त्याला चिडवू नका." हे मी घरी येऊन सांगितलं. मावसा म्हणाला, "नारळच उतरवून टाकू मंग." मी कपाळावर हात मारून घेतला.

तो आळ माझ्या डोक्यावरून जाईना. शेवटी एका रविवारी मी एकटा अकोल्याला गेलो आणि टेलर मास्तरांचं दुकान शोधून काढलं. खाकी कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये ते मशीनवर बसले होते, गळ्यात फीत. मी ओळख सांगितली तसे उठले, मला स्टूल दिलं. मी सगळं सांगितलं. दादाची स्थिती, बाटली, चावडी. म्हणालो, "तुमी एक डाव गावात या. त्याले सांगा, पान्यात काही नव्हतं. तुमचं तो आयकन."

मास्तरांनी मशीनवरचं कापड काढून घडी घातली. मग म्हणाले, "गुरुजी, पान्यात काई नोतं, हे मी सांगीन. पन त्या दिवशी मी तुमच्याकडं पाह्यलं होतं. याद हाय?"

"हाय."

"तुमच्या भावाचे डोये रिकामे झाले होते. समोर मानूस उभा, पन घरात कोनी नाई. मले वाटलं, तुमी टावेल फेकता. तुमी नाई फेकला. पंच बोलला 'लढो'. मंग?"

"मंग तुमी मारलं कायले? सोडून द्याचं होतं!" माझा आवाज चढला. बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं.

"सोडलं असतं तर त्यानं मले मारलं असतं," मास्तर म्हणाले. "आन् खोटं काहून बोलू? मलेबी जितायचं होतं. माहे पोरं पाह्यला आले होते."

मी जायला उठलो. ते म्हणाले, "पुढच्या जुम्म्याले दुकान बंद ठेवतो. येतो."

शुक्रवारी आले ते एकटेच, सकाळच्या गाडीनं. जऊळक्याहून मी त्यांना बैलगाडीतून आणलं. कोणाला सांगायचं नाही असं मी वहिनींना बजावलं होतं. पण गाडी गावाशी आली तेव्हा आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं भिंतीवर, छपरावर. पाटलांनी स्वतःसाठी खुर्ची आणवून मध्यभागी ठेवली होती. सगळ्यांना वाटत होतं की आता लढत होणार. मी ओरडून सांगितलं, घरी जा. एकही हलला नाही. उलट मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, खाली बसा, दिसत नाई."

दादा बाजेवर बसला होता. त्यानं मास्तरांकडं पाहिलं.

"कोन हाय हे?"

"मी टेलर," मास्तर म्हणाले. "अकोल्याचा."

"बरं झालं आले," दादा म्हणाला. "माहे सदरे ढिले झाले. मापं घ्या."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी खिशातून फीत काढली. फीत ते घेऊनच फिरत असावेत. दादा उठला, त्यानं दोन्ही हात बाजूला पसरले आणि शहाण्या पोरासारखा उभा राहिला. मास्तरांनी छाती मोजली, खांदे मोजले, बाही मोजली, एकेक आकडा कागदाच्या तुकड्यावर टिपला. गळ्याचं माप घेताना त्यांचा हात दादाच्या कानाखालून गेला. तेवढा वेळ ते जरा थांबले. पाटलांची खुर्ची करकरली. लोक एकेक करून निघून गेले. माप काढलं म्हणून वर्षभर हसलेल्या त्या गावात त्या दिवशी कोणी हसलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगतो.

चहा झाल्यावर मास्तर दादाजवळ बसले. "भाऊ, त्या दिवशी आपली लढत झाली, तवा तुमच्या भावानं पान्यात काई टाकलं नोतं. मी तिथं होतो. साफ पानी होतं."

"कोन्या दिवशी?" दादानं विचारलं.

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. दादा मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, "बाही जरा लांब ठेवजा."

मी मास्तरांना स्टेशनवर सोडून परत आलो. दिवेलागणीची वेळ, वहिनी गाई बांधत होत्या. मला बघून दादा वहिनींना म्हणाला, "हे गुरुजी आले ना, याइनं माह्या बाटलीत टाकलं होतं."

मग मात्र माझं डोकं फिरलं. एक सबंध दिवस, दोनदा बैलगाडी, त्या बिचाऱ्या माणसाचं बंद दुकान, सगळं गाव अंगणात, आणि हा पुन्हा तिथंच! डॉक्टरांनी चिडवू नका म्हणून सांगितलं होतं. मला कोणी चिडवू नये असं मात्र कोणत्याच डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. मी ओरडलो, "पानी नाई, दादा! टावेल! मी टावेल नाई फेकला! फेकाले पायजे होता, नाई फेकला. त्याचं बोल मले! पान्याचं कायले बोलतं?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. थोडंसं हसू होतं, अडाण्याला समजावताना असतं तसं.

"टावेल कायले फेकतं बे?" तो म्हणाला. "मी जितून राह्यलो होतो ना."

वहिनींनी दावं हातातच धरलं होतं. मी ओसरीच्या पायरीवर बसलो. रडलो की नाही ते आता नक्की सांगता येत नाही, पण जेवलो नाही हे आठवतं.

पंधरा दिवसांनी कोणा ओळखीच्याबरोबर मास्तरांनी दोन सदरे पाठवले, पांढऱ्या जाड कापडाचे, लांब बाहीचे. बटणांच्या जागी त्यांनी बंद लावले होते. थरथरत्या हातांना बटणं लावता येत नाहीत, हे त्यांनी त्या एका भेटीत पाहून ठेवलं होतं. आम्ही घरातल्या माणसांनी दोन वर्षं रोज त्याची बटणं लावली, पण कोणाला हे सुचलं नाही. दादा सदरा स्वतः घालू लागला. त्या कामाला त्याला अर्धी सकाळ लागायची, आणि तेवढा वेळ तो खूश असायचा.

शेत वहिनींनी हातात घेतलं. पेरणी केव्हा, निंदणीला बाया किती, कापूस कोणत्या बाजारात न्यायचा, सगळं त्या ठरवायच्या. माझी वाशिमच्या मोठ्या शाळेत बदली होत होती, वरची जागा होती. मी नाकारली. ती नाकारल्याचं मी इतक्या वेळा बोलून दाखवलं की एके दिवशी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जाचं असन तर जा. राह्यचं असन तर राहा. पन रोज रोज आयकवू नका. मले एकच मानूस सांभाळनं होते, दोन नाई होत." मला राग आला, आणि मी राहिलो. बोलणं बंद केलं असं म्हणवत नाही, कमी केलं.

दादा शेवटी फार बोलत नसे. त्या पहिल्या निवडणुकीनंतर सात हिवाळे उलटले तेव्हा तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेला. बाटलीबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही, की मला माफ केलं असंही नाही. तो विषयच त्याच्या डोक्यातून गळून पडला होता. आळ माझ्यावर कसा आला आणि कसा गेला, त्यात माझा काडीचाही हात नव्हता.

तेराव्याला पाटील उठले आणि म्हणाले, घुसेवाल्यानं गावाचं नाव काढलं, त्याच्या नावानं दर हिवाळ्यात गावात मुष्टियुद्धाच्या लढती भरवू. लोकांनी माना डोलावल्या. मी ताटावरून उठलो. काय काय बोललो ते मला पुढं लोकांनी सांगितलं. त्यात पाटलांच्या बुद्धीचा उल्लेख होता, गावाच्या बुद्धीचा होता, आणि नारळाचाही होता. तेराव्याच्या पंगतीत असं बोलू नये. तेव्हापासून मला माणूसघाणा म्हणतात.

लढती तरीही भरल्या, पुढच्याच हिवाळ्यात. मी गेलो नाही. वहिनी गेल्या. नवरा ज्यानं गेला ते त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. एकदा बघते म्हणाल्या. बाया लांब झाडाखाली बसल्या होत्या तिथं त्या बसल्या. दुसऱ्या लढतीत अनसिंगकडचा एक धिप्पाड जवान दोरावर रेटला गेला, आणि त्याला मार बसत होता तरी तो हसत होता. वहिनी उठल्या. बाया म्हणतात, त्या माणसांमधून सरळ चालत गेल्या, दोर उचलला, आत शिरल्या आणि त्या जवानाचा हात धरून त्याला बाहेर घेऊन आल्या. दुसरा जवान घुसा उगारून तसाच उभा होता. पंचानं शिटी वाजवली. वहिनींनी पंचाला विचारलं, "तुमाले दिसत नाई का?"

लढती मोडल्या. पाटील तडक माझ्याकडे आले. मी ओसरीवर वह्या तपासत होतो.

"गुरुजी, तुमच्या वैनीले आवरा. गावाची लाज काहाडली त्याइनं. बाईमानूस रिंगनात शिरते?"

"पाटील," मी म्हणालो, "मले नाई आवरता येत. मी आमच्या घरात कोनालेच आवरू शकलो नाई. तुमी पाहा जमते का."

पाटील वहिनींकडे गेले नाहीत. ओसरीवरच बसले आणि त्यांनी मला विचारलं, आमचं पोरगं तिसरीत कच्चं आहे, त्याचं काय करावं. मी त्याची वही काढून दाखवली.